कोकमाची साल आणि जिभेच्या कर्करोगाच्या पेशी : प्रकल्प नोंदी

28 एप्रिल 2025, नेरूळ

सरांनी प्रस्तावावर सही केली, पण एक अट घालून. शीर्षकात ‘कर्करोगावर गुणकारी’ असं काहीही आधीच लिहायचं नाही. ठरलेलं काम असं: कोकमाच्या सालीचे दोन अर्क काढायचे, एक पाण्यातला आणि एक हेक्झेनमधला (पाण्यात न विरघळणारे पदार्थ ओढून घेणारा द्रव). सोबत विकत आणलेलं शुद्ध गार्सिनॉल. तिन्ही गोष्टी तोंडाच्या कर्करोगाच्या पेशींवर घालायच्या आणि त्याच मापात कर्करोग नसलेल्या पेशींवरही. कर्करोगाच्या पेशी मरतात का, यात फारसं कुतूहल नाही. काचेच्या भांड्यात त्या मीठ जास्त झालं तरी मरतात, साबणानं मरतात, इन्क्युबेटर बंद पडला तरी मरतात. कशामुळे मेल्या आणि शेजारच्या साध्या पेशी वाचल्या का, हे पाहायचंय.

हाच कर्करोग का, हे इथं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ग्लोबोकॅन 2022 या जागतिक कर्करोग-आकडेवारीच्या अंदाजानुसार भारतात एका वर्षात ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे 1 लाख 43 हजार नवे रुग्ण, मृत्यू 80 हजारांच्या घरात. पुरुषांमध्ये हा आपल्याकडचा पहिल्या क्रमांकाचा कर्करोग. राज्यात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे. स्टेशनबाहेरच्या टपरीवर ‘ते’ मागितलं की खालच्या फळीवरून निघतं. गावाकडे बायकांची मशेरी वेगळीच, ती कुठल्याच बंदीत नीट बसत नाही.

कोकम का? सालीत गार्सिनॉल असतं, पिवळ्या रंगाचं, पाण्यात न विरघळणारं संयुग. 2005 साली जपानी संशोधकांनी रसायन देऊन जिभेला कर्करोग केलेल्या उंदरांना गार्सिनॉल खाऊ घातलं, तेव्हा गाठींचं प्रमाण कमी दिसलं होतं. पेशींवरचे शोधनिबंधही आहेत. आम्ही पहिले नाही, आणि त्याचं वाईट वाटायचं कारण नाही. पहिल्यांनी जे तपासलं नाही ते तपासता येतं.

3 मे

वाशीच्या एपीएमसीत मसाला मार्केटला जाऊन आले. तिथं कोकम म्हणून मिळतं ते बहुतेक आमसूल. साल मीठ घातलेल्या रसात पुन्हा पुन्हा बुडवून उन्हात वाळवलेली. आमटीला उत्तम, आमच्या कामाला बाद. मिठानं पेशी मारायच्या आणि श्रेय कोकमाला, असं व्हायचं. बिनमिठाची साल आहे का विचारलं तर दुकानदार म्हणाला, “घरी कुणाला बीपी आहे का ताई?”

शेवटी सावंतवाडीच्या आत्याला फोन केला. तिच्या परड्यात रातांब्याची झाडं आहेत. “पाठवतंय, पण मीठ लावूक नाय तर बुरशी धरतली गो,” म्हणाली. बुरशीचं आम्ही बघू म्हटलं. साल पातळ कापून, सावलीत नाही, कडक उन्हात वाळवायची, हे तिनंच सुचवलं.

13 मे

पार्सल आलं. सालीच्या पिशवीवर आत्यानं खडूनं ‘प्रयोगाचे, खाऊ नये’ लिहून पाठवलंय. 40 अंशांवर ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत ठेवली. त्याच झाडाची पानंफळांसकट फांदी वर्तमानपत्रात दाबून घेतलीय, ती मुंबईला झेवियर्सच्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, ओळख पटवायला द्यायची. नुसत्या सालीच्या भुकटीवरून कुणी जात लिहून देत नाही, द्यायलाही नये. वनस्पतींवरच्या कितीतरी निबंधांत ‘स्थानिक बाजारातून आणले’ एवढ्यावर भागवलेलं असतं. ते वाचलं की पुढचे सगळे आलेख माझ्यापुरते फिके पडतात.

17 मे

अर्क काढले. हेक्झेनचा सॉक्सलेटमध्ये, म्हणजे तोच द्रव पुन्हा पुन्हा सालीवरून फिरवणाऱ्या काचेच्या उपकरणात. वरून थेंब थेंब पडतं, नळी भरली की एका दमात खाली उतरतं, पुन्हा भरायला लागतं. पहिल्या काही फेऱ्यांत गडद पिवळं, नंतर फिकं, मग जवळपास बिनरंगी. रोटाव्हॅपर या बाष्पीभवनाच्या यंत्रावर हेक्झेन उडवल्यावर तळाशी चिकट पिवळा राळेसारखा थर. हेक्झेनचा अंश राहिला तर तोही पेशी मारेल, म्हणून वजन बदलायचं थांबेपर्यंत निर्वात ठेवलं.

पाण्यातला अर्क थंड पाण्यात भिजवून, गाळून, गोठवून सुकवला. लालभडक भुकटी. हवेतलं पाणी इतक्या झपाट्यानं ओढते की वजन करताना आकडा डोळ्यांदेखत वाढतो. लहान कुप्यांत भरून, सिलिका जेलसोबत बंद.

20 मे

पेशी आल्या, वाढल्या, पहिल्या कुप्या द्रव नायट्रोजनमध्ये गेल्या. आता निवांत लिहिते, कारण पेशींची निवड हा या प्रकल्पातला पहिला वाद होता.

लॅबमधल्या धाकट्या मुलीचं म्हणणं होतं की ‘केबी’ पेशी घ्या, भारतातल्या ढीगभर निबंधांत तोंडाच्या कर्करोगासाठी त्याच वापरल्यात, तुलना सोपी जाईल. तुलना सोपी जाईल हे खरं. पण केबी तोंडाच्या नाहीतच. त्या तोंडाच्या गाठीतून काढल्या असं पूर्वी समजलं जाई. पुढे जनुकीय तपासणीत कळलं की त्या हेला पेशी आहेत, म्हणजे 1951 मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून घेतलेल्या. हेला इतक्या जोमानं वाढतात की दुसऱ्या फ्लास्कमध्ये एखादी जरी शिरली तरी काही आठवड्यांत मूळच्या पेशींना हुसकून लावते. जगभर कित्येक पेशीवंश असे आतून बदलून गेले. त्यामुळे केबीवर कोकम घालून ‘तोंडाचा कर्करोग’ म्हणणं म्हणजे गर्भाशयमुखाच्या, त्यातही एचपीव्ही-18 हा विषाणू असलेल्या पेशींबद्दल बोलणं. धाकटी गप्प बसली नाही, म्हणाली, मग इतक्या लोकांनी छापलं कसं? याचं सरांकडेही उत्तर नव्हतं.

आम्ही कॅल-27 घेतल्या. 1982 मध्ये फ्रान्समधल्या नीस इथं 56 वर्षांच्या एका पुरुषाच्या जिभेवरच्या गाठीतून, उपचार सुरू होण्याआधी घेतलेल्या. ओळख पक्की आहे, आणि आमच्याकडच्या साठ्याचाही एसटीआर अहवाल (पेशींची डीएनएवरून ओळख) मागवलाय. दुखणं एवढंच की आपल्याकडचा कर्करोग बहुतांशी जिभेपेक्षा गालाच्या आतल्या बाजूला आणि हिरडीच्या कडेला होतो, जिथं तंबाखूची गोळी किंवा मावा दाबून ठेवतात तिथं. भारतीय गटानं 2013 मध्ये अशाच हिरडी-गालाच्या गाठींचा जनुकीय नकाशा मांडला, त्यात ओळखीच्या जनुकांसोबत काही वेगळीही निघाली. फ्रेंच जिभेवरून आपल्या गालाबद्दल किती बोलायचं, याची मर्यादा पहिल्याच पानावर लिहून ठेवलीय.

तुलनेसाठी हॅकॅट, त्वचेच्या केराटिनोसाइट पेशी. 1988 पासून वापरात आहेत, आपोआप अमर झालेल्या, म्हणजे न थांबता विभागत राहणाऱ्या, त्यामुळे ‘निरोगी’ म्हणताना जीभ थोडी अडखळते. कर्करोगाला आवर घालणाऱ्या त्यांच्या पी-53 जनुकातही बिघाड आहेच. सध्या याच हाताशी आहेत.

26 मे

पाऊस आला. मुंबईत त्याची नेहमीची तारीख 11 जून, यंदा आजच. हार्बर लाइन रखडली, मी ठाण्याहून ट्रान्स-हार्बरनं कशीबशी पोहोचले. दुपारी दोनदा वीज गेली. इन्क्युबेटर जनरेटरवर आहे, पण बदल होताना दार न उघडणं एवढंच आपल्या हातात. आत 37 अंश आणि 5 टक्के कार्बन डायऑक्साइड. दार उघडलं की वायू निसटतो आणि मीडियमचा, म्हणजे पेशींच्या पोषक द्रावणाचा, सामू (पीएच) चढायला लागतो.

आत्याचा फोन. उरलेले रातांबे झाडाखाली पडून सडले. आमच्यापुरती साल आधीच आली हे नशीब, तिच्या आगळाचं मात्र काही खरं नाही यंदा.

29 मे

एका फ्लास्कमध्ये कापसाच्या बोळ्यासारखी बुरशी. ब्लीच, मग ऑटोक्लेव्ह (वाफेच्या दाबानं निर्जंतुक करणारं यंत्र). इन्क्युबेटर पुसून काढला, पाण्याच्या ट्रेमध्ये कॉपर सल्फेट. पावसाळ्यात प्रत्येक लॅबमध्ये हे होतं. बुरशी निदान दिसते तरी. मायकोप्लाझ्मा ही जिवाणूची जात दिसतही नाही, तिला पेशीभित्तिका नसल्यानं पेनिसिलिन तिच्यावर चालत नाही, आणि पेशी वरकरणी धडधाकट राहून आतून वेगळंच वागतात. पीसीआरनं तपासलं. नाही. दर महिन्याला तपासायचं ठरलं.

3 जून

पहिली एमटीटी, म्हणजे किती पेशी जिवंत आहेत हे रंगावरून मोजणारी चाचणी. 96 वेलची (खळग्यांची) प्लेट, प्रत्येक वेलमध्ये 5 हजार पेशी, एक दिवस चिकटू दिल्या, मग अर्क, 48 तास. कडेच्या वेलमध्ये पेशी नाहीत, नुसतं पीबीएस हे क्षारांचं द्रावण, कारण कडेचं पाणी उडून तिथले आकडे नेहमी वाकडे येतात. एमटीटी हा पिवळा रंग. जिवंत पेशीतली विकरं त्याचं जांभळ्या फॉर्मेझानमध्ये रूपांतर करतात. जांभळं जास्त, म्हणजे जिवंत पेशी जास्त. 1983 पासूनची पद्धत, सगळीकडे हीच.

निकाल: पाण्यातल्या अर्कानं वरच्या मात्रांना पेशी साफ. हेक्झेनच्या अर्कानं काहीच नाही, उलट काही वेलमध्ये जिवंत पेशी शंभर टक्क्यांहून जास्त.

धाकटी खूश. “ताई, सोलकढीतच औषध आहे!” सरांनी प्लेट उजेडात धरली, आकड्यांकडे पाहिलंही नाही. “अर्क घातल्याघातल्या मीडियमचा रंग कसा होता?” पिवळा होता. वहीत लिहिलेलं होतं.

मीडियममध्ये फिनॉल रेड असतो. पेशींना मानवणाऱ्या 7.4 सामूला तो लालसर, आम्ल वाढलं की पिवळा. कोकम आंबट का, तर त्यात हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल आहे. म्हणजे आम्ही पेशींवर गार्सिनॉल वगैरे नव्हे, आंबट पाणी ओतलं. लिंबू पिळलं असतं तरी हाच निकाल आला असता.

5 जून

अर्क सोडियम बायकार्बोनेटनं सामान्य सामूला आणला. सामू चढत गेला तसा रंग लालवरून जांभळट आणि मग मातकट करडा. सालीतली अँथोसायनिन ही रंगद्रव्यं सामूप्रमाणे रंग पालटतात. बीकरमध्ये ते बदलताना पाहायला लॅबमध्ये काचसामान धुणारे मामाही येऊन उभे राहिले. पुन्हा गाळणं, पुन्हा प्लेट. सोबत एक वेगळी रांग: अर्क नाही, फक्त तेवढ्याच आंबटपणाचं सिट्रिक आम्ल.

8 जून

आम्लाच्या रांगेतल्या पेशी मेल्या. सामू सुधारलेल्या अर्कातल्या बऱ्याच वाचल्या, सगळ्या नाहीत. सगळ्यात वरच्या मात्रेला अजूनही पडझड दिसते. तिथं काही खरं असू शकतं, किंवा आणखी एक भूत.

दुसऱ्या भुताचं नाव मला ठाऊक आहे. पॉलिफिनॉल ही वनस्पतींतली संयुगं नुसत्या मीडियममध्ये, पेशी नसतानाही, हवेतल्या ऑक्सिजननं ऑक्सिडाइज होतात आणि त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. हे 2000 च्या सुमाराला नीट दाखवलं गेलंय, ग्रीन टीतल्या संयुगांसकट. पेशी मरतात त्या पेरॉक्साइडनं. शरीरात हे तसं घडत नाही, तिथं इतका मोकळा ऑक्सिजनही नसतो आणि पेरॉक्साइड फोडणारं कॅटालेझ रक्तपेशींत भरपूर असतं. म्हणून उद्याच्या प्लेटमध्ये कॅटालेझ घालायचं. आणि एका रांगेत उकळून निकामी केलेलं कॅटालेझ, नाहीतर नुसत्या जादा प्रथिनामुळे पेशी वाचल्या असंही कुणी म्हणेल.

12 जून

कॅटालेझ घातलेल्या रांगेत पेशी ठणठणीत. उकळलेल्या कॅटालेझच्या रांगेत मेलेल्या.

पाण्यातल्या अर्काचं प्रकरण इथं संपलं. त्यात पेशींना मारणारं जे होतं ते आम्ल होतं आणि मीडियममध्ये बनलेलं पेरॉक्साइड होतं. आणखी एक धागा हाताला लागला: शेजारच्या विभागानं हाच अर्क त्यांच्याकडे घालून पाहिला होता, त्यांना सुरुवातीपासूनच काही दिसलं नव्हतं. त्यांच्या मीडियममध्ये सोडियम पायरुवेट आहे, आमच्यात नाही. पायरुवेट पेरॉक्साइडला परस्पर संपवतं. एकाच अर्काचे दोन लॅबमध्ये दोन निकाल, आणि दोन्ही प्रामाणिक.

वनस्पतींच्या अर्कांवरच्या निबंधांत सामू आणि कॅटालेझ हे दोन उल्लेख शोधायची आता सवयच लागलीय. फार कमी ठिकाणी सापडतात.

16 जून

आता हेक्झेनचा अर्क. एमटीटी म्हणतं पेशी शंभर टक्क्यांहून जास्त जिवंत. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र त्याच वेलमध्ये पेशी गोल झालेल्या, एकमेकींपासून सुटलेल्या, काही तरंगणाऱ्या. कॅल-27 निरोगी असताना फरशीसारख्या एकमेकींना चिकटून बसतात. डोळा आणि यंत्र दोघांपैकी एक खोटं बोलतंय.

पेशीच नसलेल्या वेलमध्ये मीडियम, अर्क आणि एमटीटी घातलं. दोन तासांत जांभळं. गार्सिनॉलसारखी ऑक्सिडीकरणविरोधी संयुगं एमटीटीला स्वतःच क्षपित करून जांभळं करतात, त्यांना पेशी लागतच नाही. म्हणजे मेलेल्या पेशींची कमी अर्कच भरून काढत होता.

एमटीटी बंद. एसआरबी या दुसऱ्या चाचणीवर जायचं. यात पेशी ट्रायक्लोरोॲसिटिक आम्लानं प्लेटला पक्क्या बसवतात, अर्क, मीडियम सगळं धुऊन टाकतात, मग सल्फोरोडामाइन-बी हा गुलाबी रंग पेशींच्या प्रथिनांना लावतात. मोजलं जातं ते उरलेलं प्रथिन. अर्काच्या रंगाचा किंवा रसायनाचा हस्तक्षेप राहत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या 60 पेशीवंशांच्या चाळणीसाठी 1990 मध्ये ही पद्धत बसवली गेली, आणि खारघरच्या ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रातल्या औषध-चाळणीतही हीच वापरतात. धुण्याचं काम कंटाळवाणं आहे. नळाची धार जरा जोरात लागली तर पेशींचा थर उचलून येतो, म्हणून प्लेट बादलीत बुडवून धुवायची.

20 जून

मामांबद्दल लिहायला हवं. मामा ऑटोक्लेव्ह लावतात, काचसामान धुतात, वीस-बावीस वर्षांचं त्यांचं इथलं काम. शर्टाच्या खिशात मावा. रंग बदलणाऱ्या बीकरपासून त्यांना प्रकल्पात रस आलाय. आज विचारलं, “ताई, ते कोकमाचं औषध निघालं की आम्हाला पहिलं द्याल ना?”

मी म्हटलं, औषध निघत नाहीये मामा, सध्या फक्त काय खोटं आहे ते निघतंय. मग सहज म्हणून तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगितली. नीट उघडणाऱ्या तोंडात स्वतःची तीन बोटं उभी मावतात. त्यांची दोनच, तीही ओढून. आमटी तिखट लागते, आग होते, असं बायकोला गेलं वर्षभर सांगतायत म्हणे, आणि ती मिरच्या कमी करत आलीय.

ही सुपारीची करामत. तंबाखू नसली तरी सुपारी एकटीच गालाच्या आतला भाग ताठ करत नेते, आणि आयएआरसी या जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2004 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मूल्यमापनात नुसत्या सुपारीलाही माणसात कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकलं. ‘मी तंबाखू सोडली, आता फक्त सुपारी खातो’ म्हणणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही.

23 जून

मामा दंत महाविद्यालयाच्या ओपीडीत जाऊन आले. मला न सांगता, स्वतःहून. कार्ड दाखवलं. सुपारी पूर्ण बंद, तोंड उघडायचे व्यायाम, ठरावीक मुदतीनं तपासणी. चट्टा वगैरे नाही. आज खिशात बडीशेपेची पुडी होती, आणि मूड अत्यंत वाईट. ऑटोक्लेव्हचं झाकण आपटलं.

2 जुलै

एसआरबीचे निकाल, हेक्झेन अर्क आणि शुद्ध गार्सिनॉल, दोन्ही पेशींवर, सोबत तुलनेला सिस्प्लॅटिन हे कर्करोगावरचं औषध.

सिस्प्लॅटिन सलाईनमध्ये विरघळवलं. आमचे बाकीचे नमुने डीएमएसओ या द्रावकात असल्यानं तेही त्यातच करावं असा मोह होतो, पण डीएमएसओ सिस्प्लॅटिनमधल्या क्लोराइडची जागा घेतं आणि औषध बोथट होतं. मग आपला अर्क सिस्प्लॅटिनच्या बरोबरीचा वाटायला लागतो. अर्कांच्या वेलमध्ये डीएमएसओ 0.1 टक्क्यावर बांधून ठेवलंय, तेवढंच नियंत्रणाच्या, म्हणजे अर्क न घातलेल्या वेलमध्येही.

हेक्झेन अर्क कॅल-27 ची वाढ खरोखर रोखतो. मात्रा वाढवली की परिणाम वाढतो, कॅटालेझनं फरक पडत नाही, आम्लाचा प्रश्नच नाही. कच्च्या अर्कासाठी निम्म्या पेशी रोखणारी मात्रा 20-30 मायक्रोग्रॅम प्रति मिलीच्या आत असली तर पुढे जावं असा या क्षेत्रातला जुना संकेत आहे. आमचा अर्क त्या दारात उभा आहे, आत नाही आणि बाहेरही नाही. शुद्ध गार्सिनॉल स्पष्टपणे आत.

हॅकॅटवरही दोन्ही चालतात. थोड्या जास्त मात्रेला, पण थोड्याच. धाकटीनं आलेख काढला तेव्हा दोन रेषा जवळपास जोडीनं उतरताना दिसल्या. सरांनी ‘हं’ केलं. त्यांच्या ‘हं’चे प्रकार आता ओळखू येतात, हा निराशेचा नव्हता, ‘मग पुढं काय’चा होता.

माझं मत वहीत असावं म्हणून लिहिते: अंतर कमी आहे, आणि निबंधात ते पहिल्या आलेखातच दाखवायचं. फक्त कॅल-27 ची रेषा छापून हॅकॅट पुरवणीत ढकलायचं नाही.

9 जुलै

दिवसभर पाऊस, दिवसभर वाचन.

वनस्पतींतून खरोखर औषधं आली, त्यांची कहाणी प्रत्येक वेळी लांब आणि वळणावळणाची निघते. सदाफुली आपल्याकडे मधुमेहावर म्हणून चघळतात. कॅनडात 1950 च्या दशकात तिच्या अर्कानं साखर उतरते का हे तपासत होते. साखर उतरली नाही, प्राण्यांच्या पांढऱ्या पेशी मात्र घटल्या. त्यातून व्हिनब्लास्टिन, आणि पाठोपाठ व्हिन्क्रिस्टिन. आपल्या सह्याद्रीतली नरक्या पाहा. तिच्या लाकडात कॅम्प्टोथेसिन आहे, जे 1966 मध्ये एका चिनी झाडातून वेगळं केलं गेलं. सत्तरच्या दशकात ते थेट रुग्णांना दिलं तर मूत्राशयातून रक्त जाऊ लागलं, चाचण्या थांबल्या. ते नेमकं कोणत्या विकराला धरतं हे 1985 मध्ये कळलं, रेणूत फेरफार करून टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन 1996 मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. तीस वर्षं. आणि मधल्या काळात नरक्याची इतकी तोड झाली की घाटातली झाडं विरळ झाली.

दुसरं वाचन हळदीवरचं. कर्क्युमिन प्लेटमध्ये सगळं करून दाखवतं. पण दिवसाला 8 ग्रॅम कर्क्युमिन गिळलेल्या माणसांच्या रक्तात सरासरी कमाल मात्रा 1.77 मायक्रोमोलरच्या आसपास मिळाली होती, 2001 च्या तैवानच्या अभ्यासात. प्लेटमध्ये त्याच्या कितीतरी पट लागते. रक्तात पोहोचणार नाही अशा मात्रेला पेशी मेल्या, तर मेल्या.

तोंडाच्या बाबतीत एक पळवाट आहे, आणि ती मला खरीच वाटते: जागा हाताच्या अंतरावर आहे. गोळी पोटातून, यकृतातून फिरवून आणायची गरज नाही, जेल थेट लावता येतं. अडचण लाळेची. लावलेलं काही मिनिटांत गिळलं जातं. चिकटून राहणारं काही बनवायला औषधनिर्माणशास्त्रवाले लागतील. बेलापूरच्या एका मैत्रिणीशी बोलले, ती म्हणाली, आधी अंतर वाढवून आण, मग जेलचं बघू.

16 जुलै

पेशी कशा मरतात ते पाहायला फ्लो सायटोमीटरवर (एकेक पेशी तपासणारं यंत्र) वेळ मिळाला. ॲनेक्सिन-व्ही आणि प्रोपिडियम आयोडाइड ही दोन खुणेची द्रव्यं. पेशी शिस्तीत, आपल्या आतल्या कार्यक्रमानुसार मरायला लागली की आतल्या बाजूचं एक स्निग्ध द्रव्य बाहेरच्या पृष्ठभागावर येतं, ॲनेक्सिन त्याला चिकटतं. आवरण फाटलेलं असेल तरच आयोडाइड आत जातं. दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. तरंगणाऱ्या पेशी टाकून द्यायच्या नाहीत, नाहीतर मेलेल्याच मोजणीतून वगळल्या जातात. आणि पेशी सोडवताना वापरलेलं ईडीटीए नीट धुवायचं, कारण ॲनेक्सिनला कॅल्शियम लागतं आणि ईडीटीए तेच पळवतं.

24 तासांना गार्सिनॉलच्या नमुन्यात फक्त ॲनेक्सिन लागलेल्या, आयोडाइड न घेतलेल्या पेशींचा वेगळा पुंजका आला. नियंत्रणात तो नाही. हेक्झेन अर्कात पुंजका पसरट, दोन्ही प्रकारचे मृत्यू मिसळलेले. कच्च्या अर्कात गार्सिनॉलखेरीज बरंच काही आहे, त्यातलं काहीतरी पेशीचं आवरणच फोडत असावं. तसं असेल तर हॅकॅटवरचा परिणाम गार्सिनॉलचा किती आणि त्या ‘काहीतरी’चा किती, हे वेगळं करता येईल.

22 जुलै

सरांसोबत बसून पुढचं ठरवलं. पाण्यातला अर्क बाद. त्याचे सामू आणि कॅटालेझचे निकाल मात्र निबंधात पूर्ण जातील, पुरवणीत नाही. सरांना वाटतं परीक्षक ‘नकारात्मक निकाल कशाला’ म्हणतील. म्हणू देत.

हेक्झेन अर्क सिलिका भरलेल्या स्तंभातून (कॉलममधून) चार-पाच भागांत तोडायचा आणि प्रत्येक भाग कॅल-27 आणि हॅकॅटवर शेजारी शेजारी, एकाच प्लेटवर. हॅकॅटच्या जोडीला दंत महाविद्यालयातून हिरडीच्या फायब्रोब्लास्ट पेशी मिळण्यासाठी नैतिक समितीचा अर्ज. दाढ काढताना सुटणाऱ्या ऊतींचा तुकडा पुरतो, पण रुग्णाची संमती मराठीत, त्याला वाचता येईल अशा भाषेत हवी. तो मसुदा मी लिहायचा. गालाच्या कर्करोगाचा एखादा भारतीय पेशीवंश मिळतो का, हे सर विचारतील.

एसटीआर अहवाल आला, कॅल-27 कॅल-27 च आहेत. मायकोप्लाझ्मा नाही. सिलिका जेल बदललं. सिस्प्लॅटिनची उरलेली कुपी फेकली, पुढच्या प्लेटला सलाईनमध्ये ताजं करायचं. स्तंभासाठी सिलिका आणि इथाइल ॲसिटेटची मागणी आज गेली, सोमवारपर्यंत यायला हवी.